पदवी झाली? आता वर्षभर मागावर या!

टेक्स्टाइल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग करणाऱ्यांनो, अप्रेंटिसशिप टाळू नका, आणि ती करायला इचलकरंजीला या. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. १९८२ पासून डीकेटीई हे कॉलेज इथेच इंजिनिअर घडवतंय. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर इंजिनिअरही आले, म्हणजे ही वाट तुम्हालाही खुली आहे.

वर्गात न कळणारं मागावर कळतं. सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावताना, ती कमी पडली की मागावर तार तुटते. जास्त झाली की सूत कडक होऊन तुटतं. मुरलेला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तर नुसत्या आवाजावरून मागाचा बिघाड सांगतो.

वर्षभर काम, दरमहा विद्यावेतन, शेवटी सरकारी प्रमाणपत्र. अप्रेंटिसशिपच्या सरकारी नॅट्स पोर्टलवर नोंदणी करा, करार झाल्याशिवाय रुजू होऊ नका. आणि हो, जॉबरमामांशी पहिल्याच दिवशी गट्टी जमवा!