फॉरमॅट मारणारी फाइल

विंडोज ९८ ज्यांनी वापरलं, त्यांना एक चौकट नक्की आठवत असेल. नवा प्रिंटर जोडला, नेटवर्क कार्ड बसवलं, की पडद्यावर फर्मान यायचं: विंडोज ९८ची सीडी घाला. ती सीडी घरात असेलच याची खात्री नसायची. असली तर ओरखडे पडलेली, आणि बऱ्याचदा ती ज्या मुलाने ‘विंडोज टाकून दिलं’ त्याच्याच पिशवीत असायची. (त्या सीडीच्या परवान्याबद्दल न बोललेलंच बरं.)

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे भाग घेऊन मशीन जोडून देणारे जे जाणते होते, त्यांच्याकडे यावर साधा उपाय होता. सीडीवरचं ‘विन९८’ नावाचं फोल्डर आधी हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि सेटअप तिथूनच सुरू करायचा. सेटअप जिथून चालला ती जागा विंडोज आपल्या रजिस्ट्रीत ‘सोर्सपाथ’ या नोंदीत लिहून ठेवतं. पुढे कधी एखादी फाइल लागलीच तर ते आधी तिथे जाऊन बघतं, आणि सीडी मागत नाही. यात डिस्कची शंभरावर एमबी जागा जायची, पण कटकट कायमची मिटायची. मोठ्या ब्रँडच्या कंपन्याही हेच करत. त्यांच्या मशीनवर विंडोजच्या पोटात ‘ऑप्शन्स’ आणि त्याच्या पोटात ‘कॅब्स’ अशी फोल्डरं सापडत, त्यात अख्खी सीडी झोपलेली असे. वेगाचाही फायदा होता. सीडी ड्राइव्हचं डोकं एकेका फाइलसाठी पुढेमागे धावतं, त्यापुढे हार्ड डिस्क कितीतरी चपळ.

एका मशीनचं काम हाताने होतं. पण २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, पाठोपाठ तालुक्या-तालुक्याला एमएस-सीआयटीची केंद्रं उघडली, शाळा-कॉलेजांत लॅब आल्या, आणि एकाच खोलीत वीस-पंचवीस मशीन ओळीने मांडलेली दिसू लागली. प्रत्येकासमोर बसून फ्लॉपीवरून बूट करा, एफडिस्कने पार्टिशन पाडा, मशीन पुन्हा सुरू करा, फॉरमॅट मारा, फोल्डर बनवा, कॉपी करा, सेटअप चालवा. हे ज्याने एकदा केलं त्याला दुसऱ्या वेळी बॅच फाइल सुचणारच. बॅच फाइल म्हणजे एरवी आपण कीबोर्डवरून ज्या आज्ञा एकामागून एक दिल्या असत्या, त्या ओळीने लिहून ठेवलेली साधी मजकुराची फाइल. तिचं नाव टाइप करून एंटर मारला की डॉस वरपासून खालपर्यंत वाचत सुटतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अवघड काम कॉपीचं असेल. कॉपी म्हणजे एक ओळ. एक्सकॉपी, कुठून, कुठे, आणि पोटफोल्डरांसकट सगळं घे असं सांगणाऱ्या दोन-तीन खुणा. खरं काम उरतं ते वाटेत मशीन विचारत असलेल्या प्रश्नांचं. स्क्रिप्ट लिहिणारा त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. कुठल्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायचं नाही, हे ज्याला कळलं तो या कामात मुरला असं मी समजतो.

पहिला प्रश्न अगदी बाळबोध: सीडी आहे कुठे? विंडोज ९८च्या बूट फ्लॉपीवर सगळी अवजारं मावत नसत, म्हणून ती दाबून भरलेली असत. बूट झाल्यावर मेमरीचाच एक तुकडा घेऊन फ्लॉपी एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करी आणि अवजारं त्यात उलगडी. या रॅम ड्राइव्हला एक अक्षर लागे, आणि सीडी ड्राइव्ह एका अक्षराने पुढे सरके. कालपर्यंत डी असलेला आज ई. डिस्कची दोन पार्टिशनं असतील तर एफ. त्यामुळे ‘डीवरून कॉपी कर’ असं लिहिलेली फाइल एका मशीनवर चाले आणि शेजारच्या मशीनवर आपटे. उपाय असा की अक्षर गृहीतच धरायचं नाही. डीपासून पुढे एकेक अक्षर घे, त्यावर विन९८ फोल्डरात सेटअपची फाइल आहे का बघ, सापडली की ते अक्षर लक्षात ठेव. ‘फॉर’ आणि ‘इफ एक्झिस्ट’ या दोन शब्दांत ही शोधाशोध एका ओळीत बसते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या फ्लॉपीवरही रॅम ड्राइव्ह कुठल्या अक्षरावर बसलाय हे हुडकायला ‘फाइंडरॅमडी’ नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम होता. आपलीच वस्तू आपल्यालाच शोधायला लागावी!

दुसरा प्रश्न जरा वजनदार. फॉरमॅट ही आज्ञा दिली की डॉस इशारा देतो: डिस्कवरचा सगळा डेटा जाईल, पुढे जाऊ का, वाय की एन? पंचवीस मशीनपुढे पंचवीस वेळा वाय दाबायला कुणाला वेळ आहे? मग युक्ती अशी, की ‘इको वाय’ लिहायचं, मध्ये एक उभी रेघ मारायची आणि पुढे ‘फॉरमॅट सी’. डावीकडची आज्ञा जे छापते ते उभी रेघ उजवीकडच्या आज्ञेच्या तोंडात घालते. डॉसला वाटतं कुणीतरी वाय दाबला. समोर कुणी बसलेलंच नसतं. ही एवढीशी रेघ वेळ वाचवते हे खरं, पण त्या ओळीनंतर त्या फाइलवर नजर ठेवणारं कुणी उरत नाही. तीच फ्लॉपी चुकून ड्राइव्हमध्ये राहिलेलं मशीन दुसऱ्या दिवशी कुणी चालू केलं, आणि आज्ञा बूट होताच आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्येच लिहिलेल्या असल्या, तर चहा घेऊन येईपर्यंत सी ड्राइव्ह कोरा.

डॉसने स्वतःही या बाबतीत फरक केला होता. ६.२ आवृत्तीपासून कॉपी, मूव्ह आणि एक्सकॉपी या आज्ञा त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर ‘वर लिहू का’ विचारू लागल्या. पण फक्त माणूस टाइप करत असेल तेव्हा. आज्ञा बॅच फाइलमधून आली तर प्रश्न नाही, सरळ पुसून लिहिणं. ज्याने फाइल लिहिली त्याने विचार केला असेलच, असा भलताच विश्वास त्यामागे होता.

वेगाची एक गंमत इथेच सांगून टाकतो. विंडोज २००० किंवा एक्सपी डॉसमधून टाकायचं झालं तर ‘आय३८६’ या फोल्डरातल्या हजारो लहान-लहान फाइली डिस्कवर उतरायच्या. आधी ‘स्मार्टड्राइव्ह’ ही आज्ञा दिली नसेल तर तासन् तास तेच चाले, कारण डॉस प्रत्येक फाइलमागे डिस्कवरच्या याद्यांमध्ये पुन्हा पुन्हा हेलपाटे घालतो. स्मार्टड्राइव्ह हे हेलपाटे मेमरीत साठवून एकदम उरकतं. स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ जास्त असली की काम तासांवरून मिनिटांवर येई.

एक्सपी टाकताना प्रश्नोत्तरांचं रीतसर रूपही वापरता येई. उत्तरांची म्हणून वेगळी फाइलच असे, तिचं नाव ‘अनअटेंड’, म्हणजे कुणी समोर नसताना चालणारी. सेटअप सुरू करताना तिचा पत्ता द्यायचा. परवाना मान्य आहे का, पंचवीस अक्षरी प्रॉडक्ट की काय, मशीनचं नाव काय, टाइमझोन कुठला, हे सगळं तिच्यात. भारताच्या वेळेसाठी तिथे १९० हा आकडा टाकायचा असे, आणि ज्यांनी अशा फायली लिहिल्या त्यांना तो अजून पाठ असतो. पण सगळ्या मशीनना एकच नाव दिलं तर नेटवर्कवर भांडणं लागतात. त्यासाठी जोडीला दुसरी यादी असे: या मशीनचं नाव हे, त्याचं ते. म्हणजे समान उत्तरं एकीकडे आणि वेगळी उत्तरं दुसरीकडे. रचना म्हणून मला ही फार नीटस वाटते.

एवढं कशाला, तयार डिस्कचीच नक्कल मारा, असा दुसरा पंथ होता. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं आणि १९९८ साली सिमँटेकने विकत घेतलेलं ‘घोस्ट’ हे त्या पंथाचं दैवत. एक मशीन मनासारखं तयार करायचं आणि त्याची प्रतिमा बाकीच्यांवर ओतायची. झटपट खरंच, पण तयार सदरा कुणाला तरी काखेत घट्ट होतोच. मदरबोर्ड निराळा निघाला की निळा पडदा. मायक्रोसॉफ्टने नकलेपूर्वी मशीनची ओळख पुसायला ‘सिसप्रेप’ दिलं, आणि दोन मशीनची आतली ओळख एकच राहिली तर काय होतं यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २००९ साली मार्क रुसिनोविच यांनी, म्हणजे ती ओळख बदलणारं प्रसिद्ध अवजार ज्यांनी लिहिलं त्यांनीच, ही भीती बहुतांशी निराधार असल्याचं सांगून ते अवजार मागे घेतलं.

व्हिस्टापासून दोन्ही पंथ एकत्र आले. सीडीवरच्या हजारो फाइलींच्या जागी ‘इन्स्टॉल.विम’ ही एक भलीमोठी फाइल आली. तिच्यात तयार विंडोजची प्रतिमा असते, पण ती फाइल-फाइल करून साठवलेली, आणि तीच फाइल दोनदा आली तरी एकदाच ठेवलेली. त्यामुळे आज स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं काम तीन पावलांत उरकतं: डिस्कपार्टने पार्टिशनं पाडा, डिझमने प्रतिमा ओता, बीसीडीबूटने बूटची सोय करा. पेन ड्राइव्ह बूटेबल करताना मात्र एक ठेच बहुतेकांना लागते. नव्या मशीनचं यूईएफआय बूट करायला फॅट३२ पद्धतीचा पेन ड्राइव्ह मागतं, आणि फॅट३२मध्ये एक फाइल चार जीबीपर्यंतच मावते. विम त्याहून मोठी असली की कॉपी मध्येच अडते, आणि पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं ऐकावं लागतं. मग डिझमलाच सांगून विमचे ३८०० एमबीचे तुकडे करायचे. सेटअप ते तुकडे स्वतः जुळवून घेतो.

यातली खरी जोखीम डिस्कपार्टच्या दोन ओळींत आहे. पहिली, ‘सिलेक्ट डिस्क ०’. दुसरी, ‘क्लीन’. फॉरमॅट निदान विचारायचा तरी. क्लीन विचारत नाही. शून्य क्रमांकाची डिस्क म्हणजे मशीनची मुख्य डिस्क, असं लिहिणारा धरून चालतो, आणि एकच डिस्क असलेल्या मशीनवर ते बरोबरही असतं. पण आता एका मशीनमध्ये मदरबोर्डवर खोचलेली एनव्हीएमई, जुनी साटा डिस्क आणि वरून लावलेला पेन ड्राइव्ह अशी तिघंही असतात. शून्य कुणाला मिळेल हे ठरलेलं नसतं. कॉलेजच्या लॅबमध्ये चाललेली स्क्रिप्ट एखाद्या फोटो स्टुडिओच्या मशीनवर चालवली, तर शून्यावर दहा वर्षांच्या लग्नांचे फोटो असू शकतात. साधं क्लीन फक्त डिस्कच्या दोन टोकांची पार्टिशनची नोंद पुसतं, मधला डेटा जागेवर असतो, आणि तिथेच थांबलं तर टेस्टडिस्कसारख्या अवजाराने पार्टिशन परत उभं करता येतं. पण स्क्रिप्ट तिथे थांबत नाही. पुढच्याच ओळीला ती फॉरमॅट मारते आणि त्यावर कित्येक जीबीचं विंडोज ओतते.

म्हणून डिस्कला क्रमांकाने हाक मारू नये. पॉवरशेलमध्ये प्रत्येक डिस्कचा आकार, ती यूएसबीची आहे की आतली, आणि कारखान्याचा सीरियल क्रमांक विचारता येतो. यूएसबीच्या वगळा, ठरलेल्या आकाराहून मोठ्या वगळा, आणि उरलेली एकच असेल तरच पुढे जा. दोन उरल्या तर थांबा. लिनक्समध्ये तर डिस्कचा मेक आणि सीरियल क्रमांक गुंफलेलं नावच मिळतं, ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या अदलाबदल होणाऱ्या नावांपेक्षा ते केव्हाही भरवशाचं.

काम झालं की नाही, हाही एक प्रश्नच, आणि तो स्क्रिप्टने विचारायचा असतो. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. एक्सकॉपीचा शून्य म्हणजे सगळं ठीक, चार म्हणजे जागा किंवा मेमरी अपुरी किंवा ड्राइव्ह चुकीचा, पाच म्हणजे डिस्कवर लिहिताना बिघाड. डॉसमध्ये ‘एररलेव्हल एक असेल तर’ याचा अर्थ ‘एक किंवा त्याहून जास्त’ असा होतो, म्हणून तपासणी पाचापासून खाली यावी लागते. आणि व्हिस्टापासून विंडोजसोबत येणारी रोबोकॉपी घेतली तर हिशेबच उलटा. तिथे एक म्हणजे फाइली उत्तम कॉपी झाल्या, शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, आणि आठापासून पुढे बिघाड. जुन्या स्क्रिप्टमध्ये एक्सकॉपी खोडून रोबोकॉपी लिहिणाऱ्याला प्रत्येक यशस्वी कॉपीनंतर ‘काम फसलं’ असा संदेश दिसतो, आणि तो वैतागून तपासणीच काढून टाकतो. मग खरोखर फसलेलं कामही झाल्यासारखं दिसतं.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि टीपीएम ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या मशीनना विंडोज ११ रीतसर चालत नाही. अशा लॅबमध्ये आता डेबियन किंवा उबुंटू टाकलं जातं. डेबियनची उत्तरांची फाइल ‘प्रीसीड’. भाषा, टाइमझोन, पासवर्ड, पार्टिशनची पद्धत, सगळं तिच्यात लिहिता येतं, आणि तयार नमुन्यांमध्ये पार्टिशन पाडणाऱ्या ‘पार्टमॅन’च्या खात्रीच्या दोन-तीन ओळी असतात, ज्यांच्यापुढे ‘ट्रू’ लिहिलेलं असतं. डिस्कवर बदल लिहायचे ना, याला दिलेला हा आगाऊ होकार. नमुना जसाच्या तसा उचलला तर त्याही सोबत येतात. त्या वगळल्या तर बाकी सगळं आपोआप होतं, फक्त पार्टिशनच्या पायरीवर इन्स्टॉलर डिस्कचं नाव दाखवून थांबतो आणि कुणीतरी येऊन हो म्हणेपर्यंत पुढे सरकत नाही. वीस मशीनच्या लॅबमध्ये याची किंमत म्हणजे खोलीत एक फेरी आणि वीस वेळा दिलेला होकार. फाइल नवी असेल, किंवा लॅब आपली नसेल, तर ती फेरी मारावी.