सामायिकाइतका निवांत वेळ

महालात बडकस चौकापासून गांधी गेटकडे चालत गेल्यास खाली दुकान आणि वर घर अशी जुनी रचना आजही दिसते. अशा घरातील मुलांना जमा-नावे वेगळे शिकवावे लागत नाही. रोजमेळ व खतावणी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. तरीही सी. ए.च्या परीक्षेत ती अडखळली, की ‘अभ्यास कमी पडला’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान अपुरे आहे.

प्रथम निकाल नीट वाचावा. इंटरमिजिएटच्या एका गटात 100 गुणांच्या 3 प्रश्नपत्रिका असतात. गट उत्तीर्ण होण्यास प्रत्येकीत किमान 40 आणि एकूण 150 गुण लागतात. 45, 46 व 47 गुण मिळवणारा विद्यार्थी प्रत्येक विषयात 40 च्या वर असतो. परंतु बेरीज 138 भरते आणि गट अडतो. उणे पडलेले हे 12 गुण अनेकदा ज्ञानाअभावी नव्हे, तर घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका लिहिण्याचा सराव नसल्याने गेलेले असतात.

हा सराव 3 तासांची अखंड बैठक मागतो, आणि तीच आपल्या घरात दुर्मीळ. ‘जरा गल्ल्यावर बस’, ‘एवढे बिल करून दे’; मुलींना तर स्वयंपाकघरातूनही हाका. सप्टेंबरची परीक्षा पर्युषण व दशलक्षण पर्वाच्या आसपास येते, तेव्हा ओढाताण आणखी वाढते.

दुसरी चूक आर्टिकलशिपची. नव्या योजनेत ती 3 वर्षांवरून 2 वर्षांवर आली आहे. ओळखीच्या कार्यालयात नाव घालून मुलाला दुकानात बसवले, तर प्रत्यक्ष व्यवहारावर बेतलेले प्रश्न त्याला परकेच राहतात.

सामायिकास बसलेल्या माणसाला आपण 48 मिनिटे हाक मारत नाही. दाराशी गिऱ्हाईक आले, तरी थांबवतो. 3 तासांची प्रश्नपत्रिका म्हणजे जवळजवळ 4 सामायिके. तेवढी शांतता घरातील विद्यार्थ्याला रोज मिळावी. दुसऱ्याच्या ज्ञानार्जनात अंतराय आणणे हे ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाचे एक कारण असल्याचे तत्त्वार्थसूत्र सांगते. गल्ल्यावरून हाक मारण्यापूर्वी प्रत्येक वडीलधाऱ्याने हे आठवावे.