१५ अँपिअरचा ट्रान्झिस्टर ३ अँपिअरला का जळतो?

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हमखास दिसणारा पॉवर ट्रान्झिस्टर म्हणजे २एन३०५५. डेटाशीटवर ठळक आकडे: १५ अँपिअर, ६० व्होल्ट. पण हे दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत! गुणाकार होतो ९०० वॅट, आणि त्याची मर्यादा आहे ११५ वॅट. तीही धातूचं कव्हर २५ अंशांवर असेल तरच. कव्हर १०० अंशांवर गेलं की उरतात जेमतेम ६६. म्हणजे ५० व्होल्टला ३ अँपिअरही जास्तच.

जास्त व्होल्टेजला आणखी एक धोका असतो. चिपचा एखादा ठिपका तापतो, तिथेच आणखी करंट ओढला जातो आणि वॅटची मर्यादा गाठण्याआधीच ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. हा ‘सेकंड ब्रेकडाउन’. फ्यूज बहुतेक वेळा नंतर उडतो. तोवर स्पीकरही जाऊ शकतो. त्यामुळे बदली ट्रान्झिस्टर घेताना नुसते अँपिअर नव्हे, डेटाशीटमधला ‘सेफ ऑपरेटिंग एरिया’चा आलेख बघावा.