डोकं आपलं, हेल्मेट कोणाचं?



होस्टेलमध्ये काही वस्तू कायम सार्वजनिक असतात. बादली, इस्त्री, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि बाईक! ज्याची बाईक असते त्याच्याकडे फक्त आरसी बुक असतं, चावी मात्र अख्ख्या मजल्याची. यात वाईट काही नाही, मैत्री म्हटली की हे आलंच. पण बाईकबरोबर आरशाला अडकवलेलं एकुलतं एक हेल्मेटही मजलाभर फिरतं, आणि माझा विषय तिथूनच सुरू होतो. एका डोक्याच्या मापाचं हेल्मेट सात डोक्यांना कसं बसणार? आणि मागे बसलेल्या आठव्याचं काय?

हेल्मेटला मराठीत 'शिरस्त्राण' म्हणतात, म्हणजे डोक्याचं रक्षण करणारं. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे हा भारदस्त शब्द इथून पुढे वापरणार नाही. पण शब्दाचा अर्थ मात्र लक्षात ठेवूया. जे रक्षण करत नाही ते हेल्मेट नव्हे, ती टोपी.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले, आणि त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते. ते गाडी चालवतही नव्हते! मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा असा फरक करत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवं, सूट आहे ती पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना. कलम १९४डी प्रमाणे दंड १००० रुपये, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा.

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा विरोधात निदर्शनं झाली होती. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, अशी कारणं आपल्याकडेही रोज ऐकू येतात. माझ्या मते यातल्या निम्म्या तक्रारी हेल्मेटच्या नसून चुकीच्या मापाच्या असतात.

गिअरची कामं दोनच

आपल्या नगरलाच (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. गाडी रस्त्यावर येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली तिची तपासणी होते, आणि ती करणाऱ्या संस्थांपैकी व्हीआरडीई एक आहे. म्हणजे गाडी तपासूनच मिळते. तिच्यावर बसणाऱ्याची तयारी मात्र आपली आपण तपासायची. त्यासाठी एवढंच समजून घ्या की पडताना शरीरावर दोन संकटं येतात, एक आपटणं आणि दुसरं घासणं.

आधी आपटणं. बाईकवर बसल्यावर डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. गाडी जागेवर उभी असताना आडवे झालो तरी डोकं ताशी सुमारे २० किमी वेगाने जमिनीवर येतं. (अकरावीचं सूत्र, v² = 2gh.) आता हा वेग शून्य व्हायला किती अंतर मिळतं त्यावर सगळा खेळ आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर केलं, की डोक्याला सरासरी किती 'जी'चा धक्का बसतो ते अंदाजे कळतं. उघडं डोकं डांबरावर समजा ३ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर १.५ भागिले ०.००३ म्हणजे ५०० जी. हेल्मेटमधला थर २५ मिलिमीटर चेपला, तर १.५ भागिले ०.०२५ म्हणजे फक्त ६० जी. युरोपच्या ईसीई २२ चाचणीत मर्यादा आहे २७५ जी. बघा, आयुष्य आणि मृत्यू यांतलं अंतर २२ मिलिमीटर!

हे काम बाहेरची चकचकीत कवटी करत नाही. ते करतो आतला ईपीएस, म्हणजे आपला थर्मोकोलच, पण ठरावीक घनतेचा. कवटी धक्का मोठ्या भागावर पसरवते आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. थर्मोकोल चेपतो आणि चेपलेलाच राहतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसलं तरी बाद. आरशावर अडकवायची सवयही सोडा, कारण आरशाची कड आतल्या थराला खड्डा पाडते. आणखी एक, स्टिकर काढायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. प्लॅस्टिकची कवटी त्याने ठिसूळ होते.

हेल्मेट आवश्यक आहे हे शास्त्राला कळायला एका प्रसिद्ध माणसाचा जीव गेला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा ज्याच्यावर आहे तो टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकल अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

विकत घेताना

पहिली गोष्ट, आयएसआय मार्क. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय विकणं बेकायदा आहे. तरी हायवेच्या कडेला गोणपाटावर मांडलेली हेल्मेट आपण सगळेच बघतो, आणि मार्कचं स्टिकर छापायला काही अक्कल लागत नाही. खऱ्या मार्कच्या वर 'आयएस ४१५१' आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तो नंबर टाकला की कंपनीचं नाव येतं. दुकानातच, पैसे देण्याआधी टाका!

दुसरी गोष्ट, फुल फेस. अर्ध्या हेल्मेटला हनुवटी आणि जबडा दिसतच नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे माप. टेलरची टेप भुवयांच्या वर साधारण बोटभर अंतरावरून डोक्याभोवती गुंडाळा. येईल तो आकडा कंपनीच्या तक्त्यात बघा. एल आणि एम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. मग घालून बघा. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, 'गुलाबजाम तोंडात' असा चेहरा झाला की समजा बरोबर. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवा, त्याबरोबर कपाळाची कातडी फिरली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट एकटंच फिरलं तर सैल आहे. पट्टा लावून मागून वर ढकला, निघून आलं तर नको. दहा-पंधरा मिनिटं घालून दुकानातच उभे राहा. कपाळावर एकाच जागी ठणकलं तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट अपघातात आपल्याआधी रस्त्यावर पोचतं. ते पोलिसांसाठी असतं, डोक्यासाठी नाही.

मुलींसाठी खास

नगरच्या उन्हात आपण स्कार्फ, सनकोट, हँडग्लोव्हज असा पूर्ण बंदोबस्त करून निघतो. त्यावर हेल्मेट घालायचं असेल तर दुकानातही स्कार्फ बांधूनच माप बघा. डोक्यावर जाड घड्या नकोत, सुती पातळ कापडाचा एकच पदर पुरे. हेल्मेटखाली क्लचर आणि आंबाडा बिलकूल नको. एक तर हेल्मेट वर उचललं जातं, दुसरं म्हणजे आपटल्यावर तो क्लचर डोक्यातच घुसणार. केस खाली मानेपाशी बांधा. ओढणी आणि स्कार्फची टोकं आत खोचा, चाक त्यांची वाट बघत असतं.

आता घासणं

ताशी ५० किमी वेगाने घसरलो आणि घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर थांबेपर्यंत आपण सुमारे १६ मीटर जातो. म्हणजे जवळजवळ दोन वर्गखोल्यांची लांबी, तीही डांबरावर! साधी जीन्स यात लगेच फाटते. ट्रॅक पँट आणि विंडचीटर तर घर्षणाच्या उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात.

पडताना प्रत्येक माणूस आधी हात टेकवतो. आमच्या वर्गातला एक मित्र मागच्या वर्षी विळद घाटाजवळ खडीवरून घसरला. वेग फारसा नव्हता, हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं. पण दोन्ही तळव्यांची सालं निघाली, आणि ऐन सबमिशनच्या तोंडावर तो दोन आठवडे पेन धरू शकला नाही. जर्नल कोणी लिहून दिलं ते इथे सांगत नाही! सांगायचा मुद्दा असा की ग्लोव्हज घेताना तळव्यावर जाड किंवा प्लॅस्टिकचा तुकडा आहे का, आणि मनगटाला पट्टा आहे का हे बघा. पट्टा नसेल तर ग्लोव्ह हातातून निघून जातो.

बुटांचा प्रश्न आपल्यासाठी सोपा आहे. वर्कशॉपसाठी घेतलेले घोट्यापर्यंतचे चामडी बूट चपलेपेक्षा हजारपट बरे. लेस आत खोचायला विसरू नका.

जॅकेटमध्ये कापडाइतकंच महत्त्व खांदा, कोपर आणि पाठीतल्या पॅडला आहे. बऱ्याच स्वस्त जॅकेटमध्ये नुसता स्पंज असतो. पॅड बाहेर काढून बघा. हातापायांच्या पॅडवर 'ईएन १६२१-१' आणि पाठीच्या पॅडवर 'ईएन १६२१-२' हा युरोपीय मानकाचा नंबर हवा, सोबत लेव्हल १ किंवा २. पाठीच्या पॅडवर ५० ज्यूलचा आघात केला तर पलीकडे सरासरी जास्तीत जास्त १८ किलोन्यूटन बल गेलेलं लेव्हल १ ला चालतं, लेव्हल २ ला फक्त ९. जॅकेट हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करून घालून बघा. कोपराचा पॅड कोपरावरच राहिला पाहिजे, दंडावर सरकला तर उपयोग शून्य. आपल्याकडे मे महिन्यात चामड्याचं जॅकेट घालणं म्हणजे शिक्षाच, तेव्हा जाळीचं घ्या. जे गरम होतं म्हणून खोलीतच टांगलेलं राहतं, ते कितीही भारी असलं तरी फुकट.

आणि रंग! काळा रंग फोटोत छान दिसतो. पण गळीत हंगामात रात्री नगर-मनमाड रोडवर उसाच्या ट्रॉल्या, ट्रक आणि खड्डे यांच्या मधून जाताना समोरच्याला आपण दिसलो पाहिजे. हेल्मेटच्या मागे आणि जॅकेटवर चमकणारी पट्टी लावा, तिला फारसा खर्च नाही.

पैसे कमी आहेत, मग?

आपलं बजेट मेसच्या बिलानंतर उरतं तेवढंच, हे मला माहीत आहे. म्हणून क्रम असा धरा. जो अवयव दुरुस्त होत नाही त्याच्यावर आधी खर्च. पहिलं हेल्मेट, मग ग्लोव्हज, मग बूट (बहुतेकांकडे आहेतच), मग पॅडचं जॅकेट आणि शेवटी नी-गार्ड. चांगलं आयएसआय फुल फेस हेल्मेट एका दंडाच्या रकमेत थोडी भर घातली की येतं. ॲक्शन कॅमेरा, सायलेन्सर आणि एलईडी लाइट या यादीत कुठेच नाहीत. भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं म्हणून जॅकेट घेणारे खूप आहेत. पण मेसपासून कॉलेजपर्यंतचं डांबरही तेवढंच कडक असतं.

सर आणि मॅडम, मुलांना शाळेत सोडताना तुमच्यासाठीही एक नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षं वयाच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाला बांधणारा सेफ्टी हार्नेस लागतो, आणि वेग ताशी ४० किमीच्या आत ठेवावा लागतो. लहान मुलासाठी सरकारने 'स्वतःच्या मापाचं' असं म्हटलं, मग आपण तर चांगले वीस वर्षांचे घोडे आहोत!

तर मंडळी, बाईक खुशाल वाटून घ्या, पेट्रोलचे पैसेही वाटून घ्या. हेल्मेट मात्र टूथब्रशसारखं ठेवा, ज्याचं त्याचं. बाईक नसली तरी स्वतःचं हेल्मेट असू द्या. लिफ्ट मागायला जाताना ते हातात घेऊन जा. आणि चावी देणाऱ्याने एवढंच विचारायचं, "हेल्मेट आणलंस का?" नसेल, तर चावी खिशातच राहू द्या. मैत्री त्याने तुटणार नाही.