घरचा अ‍ॅम्प्लिफायर बनवताय? मग रोटरी स्विच नीट निवडा!

घरात पडून असलेले जुने स्पीकर पुन्हा वाजते करायचे म्हणून तुम्ही स्वतः अ‍ॅम्प्लिफायर जोडायला घेतलाय? छान! पण सर्किट आणि ट्रान्सफॉर्मरवर डोकं लावताना रोज हात लागणारा रोटरी स्विच विसरू नका. तो चुकला, तर चांगल्या सर्किटमधूनही खरखरच ऐकू येते.

के. आर. पुरमला राहत असाल तर पर्पल लाइनने मॅजेस्टिक गाठा, तिथून ग्रीन लाइनने चिकपेट. पुढे एस. पी. रोड जवळच आहे. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना बुधवार पेठ ठाऊक आहेच. काउंटरवर उभं राहण्याआधी एवढं ठरवून ठेवा.

किती पोल, किती पोझिशन?
स्टिरिओमध्ये डावा आणि उजवा असे दोन सिग्नल, म्हणून दोन पोल हवेत. मोबाइल, टीव्ही, रेडिओ जोडायचे असतील तर तीन पोझिशन. छोट्या स्विचमध्ये बहुतेकदा १२ जोडण्या असतात. त्या १×१२, २×६, ३×४ किंवा ४×३ अशा विभागलेल्या मिळतात. २ पोल ६ पोझिशनचा घेतलात, तर पुढे ब्लूटूथ बोर्डलाही जागा उरते.

शॉर्टिंग की नॉन-शॉर्टिंग?
नॉन-शॉर्टिंग स्विच आधीची जोडणी सोडतो, मग पुढची धरतो. सोर्स बदलायला हाच घ्या. नाहीतर टीव्ही आणि मोबाइल क्षणभर एकमेकांना जोडले जातात. शॉर्टिंग स्विच पुढची धरूनच मागची सोडतो. टप्प्याटप्प्याने आवाज कमी-जास्त करायला तो योग्य, कारण मध्ये सिग्नल तुटत नाही आणि स्पीकरमध्ये 'टक्' होत नाही.

चांदी की सोनं?
चांदीची भांडी काळी पडतात, तसेच चांदीचा मुलामा दिलेले संपर्कही. स्विच रोज फिरत असेल तर ते घासून साफ राहतात. क्वचित फिरवणार असाल आणि बजेट असेल, तर सोन्याचा मुलामा असलेला बघा. सोनं काळं पडत नाही.

नॉब बसतोय का?
शाफ्ट कुठे ६ मिलिमीटरचा असतो, कुठे पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा. त्यामुळे नॉब आणि स्विच दुकानातच एकमेकांवर बसवून पाहा.

घरी आल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक पोझिशन तपासा, कोणती पिन कुठे जाते ते कागदावर लिहा आणि मगच सोल्डर करा. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं, तर प्लास्टिक वितळून पिन हलते.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: घरातली २३० व्होल्टची लाइन या नाजूक स्विचमधून नेऊ नका. तिच्यासाठी त्या व्होल्टेजचा वेगळा पॉवर स्विच आणि फ्यूज लावा. मुलं हौसेने मदतीला बसणार असतील, तर प्लग काढूनच डबा उघडा. नॉब फिरवून गाणं निवडायची मजा मात्र पहिल्यांदा त्यांनाच द्या!