येशूचा खटला : चार शुभवर्तमाने, चार वृत्तांत

येशूच्या खटल्याचे चार वृत्तांत शेजारी ठेवून वाचले असता कथनभेदांचे मोल ध्यानात येते. मार्क व मत्तय न्यायसभेतील चौकशी रात्री झाल्याचे सांगतात, तर लूक ती दिवस उजाडल्यावर ठेवतो. योहान हन्ना व कयफा यांचा निर्देश करतो; न्यायसभेचा निवाडा मात्र सांगत नाही. हेरोदापुढील हजेरी केवळ लूकमध्ये, तर पिलाताचे हात धुणे आणि जमावाने रक्ताचा दोष स्वतःवर घेणे केवळ मत्तयमध्ये आढळते. या उद्गाराच्या आधारे शतकानुशतके समस्त ज्यूंना दोषी धरले गेले. तो सरसकट आरोप दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नाकारला. वधस्तंभाची शिक्षा मात्र चारही वृत्तांतांत रोमन सुभेदार पिलाताच्याच हुकमाने होते. म्हणूनच येथे तौलनिक वाचन हे निव्वळ वाङ्मयीन कुतूहल नसून वाचकाचे नैतिक दायित्व ठरते.