लोकरी निवडुंग : ओळख आणि संगोपन

रोपवाटिकेतून आणलेला, मुठीएवढा आणि पांढऱ्या लोकरीने वेढलेला निवडुंग घरी आला की दोन प्रश्न उभे राहतात. हा नेमका कोणता निवडुंग? आणि त्यावरील लोकर त्याची स्वतःची की एखाद्या किडीची? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास रोप हातचे जाते.

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. कुंपणाला लावला जाणारा त्रिधारी निवडुंग वस्तुतः एरंडाच्या कुलातील आहे. खऱ्या निवडुंगाची, म्हणजेच कॅक्टेसी कुलातील वनस्पतीची, निश्चित खूण म्हणजे काट्यांच्या बुडाशी असणारी बारीक, मऊ गादी होय. केवळ चिकावरून निर्णय करू नये. कारण काही खऱ्या निवडुंगांतूनही पांढरा चीक निघतो.

लहान लोकरी निवडुंग बहुधा मॅमिलॅरिया या वंशातील असतात. त्यांच्या खोडावर शिरा नसून स्तनाग्रासारखे उंचवटे असतात व त्यावरूनच वंशाला हे नाव मिळाले. मॅमिलॅरिया हाहनियाना या जातीत उंचवट्यांच्या बेचक्यांतून लांब पांढरे केस निघतात आणि माथ्याभोवती जांभळट गुलाबी फुलांचे कडे उमलते. मॅमिलॅरिया बोकासाना या जातीच्या रेशमी केसांत आकडीसारखे वाकलेले काटे दडलेले असतात. त्यांत कापड चटकन अडकते. मॅमिलॅरिया प्लुमोसाचे काटे मात्र पिसासारखे मऊ असतात. या तिन्ही जाती मूळच्या मेक्सिकोतील होत. तेथील प्रखर उन्हापासून आणि रात्रीच्या थंडीपासून ही लोकर खोडाचे रक्षण करते.

पिठ्या ढेकूण ही कीडही पांढरी, कापसासारखीच दिसते. निवडुंगाची लोकर सर्वत्र एकसारख्या मांडणीने वाढते. किडीचे पुंजके मात्र अनियमित व मेणचट असतात आणि काडीने उचलले जातात. अशा किडींचे सामर्थ्य भारताने पूर्वीच अनुभवले आहे. १७९५ साली किरमिजी रंगाच्या आशेने ब्राझीलहून याच किडीचा एक नातलग भारतात आणला गेला. तो रंगाचा खरा किडा नव्हता. परंतु फड्या निवडुंगाच्या एका जातीचा त्याने पुष्कळ भागांतून नायनाट केला. म्हणून कीड दिसताच रोप वेगळे ठेवावे, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुंजके टिपून घ्यावेत आणि मुळेही तपासावीत.

रायपूरमध्ये मे महिन्यात पारा कित्येकदा ४४ अंश सेल्सिअसवर जातो. तरीही या रोपाचा मोठा शत्रू उन्हाळा नसून पावसाळा आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट राहते, भिजलेली लोकर वाळत नाही आणि खोड बुडापासून कुजू लागते. या काळात कुंडी छपराखाली, खेळत्या हवेत ठेवून पाणी जवळजवळ बंद करावे. मार्च ते जून दुपारच्या उन्हात आडोसा द्यावा. पूर्वेकडील ओसरी उत्तम. हिवाळ्यात भरपूर ऊन व अगदी थोडे पाणी पुरते.

छत्तीसगढमधील ‘कन्हार’ नावाची काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती कुंडीत एकटी वापरू नये. ‘भाटा’ ही तेथील मुरमाड माती, नदीची जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे यांचे मिश्रण बरे. कुंडी लहान, मातीची व तळाला भोक असलेली असावी. माती पूर्ण वाळल्यावरच सकाळी कडेने पाणी घालावे. लोकरीवर कधीही ओतू नये.

खोडाचे बूड मऊ व तपकिरी झाल्यास पाणी वाढवणे घातक ठरते. स्वच्छ सुरीने निरोगी भागापर्यंत छेद घ्यावा, वरचा तुकडा सावलीत आठ-दहा दिवस सुकवावा आणि मग कोरड्या वाळूवर टेकवून ठेवावा. नवी मुळे फुटल्यावरच पाण्यास आरंभ करावा. हे रोप उपेक्षेपेक्षा अतिरिक्त मायेनेच अधिक वेळा मरते.